काकांवर घेतलेला आक्षेप

मस्कतमध्ये आमची लाँड्री शुक्रवारी बंद असते. आठवडाभर दुसऱ्यांच्या कपड्यांना इस्त्री केली की स्वतःच्या कपड्यांना हात लावायचा कंटाळा येतो, म्हणून माझे दोन शर्ट नेहमी शुक्रवारपर्यंत चुरगळून पडलेले असतात. त्या दुपारी मी त्यांनाच इस्त्री करत होतो आणि फोनवर एक फोटो आला. पाठवणारा होता गोव्यात, पार्से गावातल्या आमच्या शेजाऱ्यांचा, म्हणजे काकांचा मुलगा. काका नात्यातले नव्हेत. पण त्यांचं आणि आमचं अंगण इतकं चिकटून आहे की माझी आई कोंबड्यांना हाक मारते तेव्हा त्यांच्याही कोंबड्या येतात.

फोटो पंचायतीच्या फळ्यावर लावलेल्या नोटिसीचा होता. गावातल्या जमिनींचे उतारे आता ब्लॉकचेन नावाच्या नव्या व्यवस्थेत चढवायचे आहेत, प्रत्येकाने आपला उतारा तपासावा, काही आक्षेप असेल तर मुदतीत द्यावा, असं त्यात होतं. खाली काकांच्या मुलाने लिहिलं होतं, 'दादा, तुमचा उतारा एकदा बघून घे. उशीर करू नको.'

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बरं झालं, पोराने आठवण ठेवली. माझ्या मनात पहिलं आलं ते असं की, याला माझी एवढी काळजी कशाला?

माझी शाळा सातवीत सुटली. तेव्हापासून सरकारी कागद हातात आला की मी आधी खाली सही कुठे करायची आहे ते शोधतो. सहीची जागा नसेल तर जरा जीवात जीव येतो. असेल तर तो कागद उशाखाली ठेवून चार दिवस काढतो. या नोटिसीत सही कुठेच नव्हती आणि तरीही फोन मी उशाखाली ठेवला.

माझ्या खोलीत एक मल्याळी आहे, लाँड्रीच्या ऑफिसात बसतो. शिकलेला माणूस. माझ्याकडे त्याने कधी अडाणी म्हणून बघितलं नाही, हे मी विसरणार नाही. त्याने माझ्याकडून घराचा आणि खालच्या जमिनीचा सर्व्हे नंबर घेतला आणि फोनवर उतारा काढून दिला. एक-चौदाचा उतारा म्हणतात आमच्याकडे. कब्जेदाराच्या रकान्यात, ज्या जमिनीवर आमचं घर उभं आहे तिथे काकांचं नाव होतं. आणि खाली ओहळाजवळ जिथे काकांचे माड आहेत तिथे माझ्या वडिलांचं. वडील जाऊन मी मोठा झालो, तरी त्यांचं नाव तिथे माडांखाली बसलेलं होतं.

"हे ब्लॉकचेन काय असतं?" मी विचारलं.

तो म्हणाला, "समज, एकच वही आहे आणि शंभर माणसांकडे तिच्या शंभर प्रती आहेत. एकाने आपल्या प्रतीत गुपचूप खाडाखोड केली, तर बाकीच्या नव्व्याण्णव त्याला खोटं पाडतात. चोरी करता येत नाही."

"आणि सगळ्यांच्या प्रतीत पहिल्यापासूनच चूक असली तर?"

तो हसला. "मग शंभर ठिकाणी चूक."

मला ते हसण्यासारखं वाटलं नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

रजा माझी नव्हती. माझ्या जोडीला इस्त्रीवर एक तमिळ माणूस असतो, त्याची पाळी होती. मुलीचं नाक टोचायचं म्हणून तो गावी जाणार होता. माझं तोंड बघून त्यानेच मुकादमाला सांगितलं की याला आधी सोडा. मी नको नको म्हटलं तर म्हणाला, "नाक कुठे पळून जात नाही. जमीन जाते." त्याचे उपकार मी कसे फेडणार, ठाऊक नाही. विमानात बसल्यावर मात्र उपकाराचा विचार डोक्यात नव्हता. काकांच्या मुलाचाच होता.

त्याला कारण होतं. पेडण्याकडे विमानतळ झाल्यापासून आमच्या बाजूला परक्या नंबरच्या गाड्या फिरायला लागल्या आहेत. गाडीतून उतरतात, काजूच्या भरड माळाकडे बघतात, फोटो काढतात, जातात. काकांच्या मुलाचं पेडण्याच्या बाजारात झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. कोणाचा कागद कुठे अडकलाय, कोणाच्या नावावर काय आहे, सगळं त्याच्या बोटांवर. असा माणूस जेव्हा सांगतो की उतारा बघून घे, तेव्हा त्याने स्वतः तो आधी बघितलेला असतो.

घरी पोचलो. आईने पेज वाढली आणि मी पहिला घास घ्यायच्या आत विचारलं, "काकांचा मुलगा इकडे आला होता का गो?"

"इल्लो. परवा. घराचे फोटो काढून गेलो."

"कसले फोटो?"

"माका काय ठावक? पुढसून काढलो, मागसून काढलो. मी म्हटला, माझो काढ मरे एक. म्हणता, काकी, पुढच्या खेपेक."

आई हसत होती. माझ्या हातातला घास तसाच राहिला.

मग मी तिला जमिनीच्या अदलाबदलीचं सगळं परत सांगायला लावलं. मला अर्धं आठवत होतं, मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. आमचं जुनं घर खाली ओहळाजवळ होतं. पावसात पाणी चुलीपर्यंत यायचं. काकांच्या घराला लागून असलेली त्यांची जमीन वर होती, कोरडी, चार-पाच काजू आणि बाकी दगड. वडिलांना घरासाठी कोरडी जागा हवी होती, काकांना माडांसाठी पाणी हवं होतं. दोघांनी एक दिवस ठरवलं आणि गावाच्या राखणदार देवाच्या दगडासमोर नारळ ठेवला. गावातल्या जाणत्याने गाऱ्हाणं घातलं की आजपासून वरची याची, खालची त्याची, जो कोणी शब्दाला फिरेल त्याला तू बघून घे महाराजा. नारळ फोडला, खोबरं वाटलं, झालं. मलाही एक तुकडा मिळाला होता, तो मात्र आठवतो.

"आणि कागद?"

आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवळात चप्पल घालून शिरलोय. "गाऱ्हाणा घातल्यार कागद मागतत? म्हणजे राखणदाराचोय विश्वास नाय आणि शेजाऱ्याचोय नाय."

आमच्याकडे हे असंच. गाऱ्हाणं घालून झाल्यावर कागदाचं नाव काढणं म्हणजे शेजाऱ्याला चोर म्हणणं. म्हणून दोन शहाण्या माणसांनी, ज्यांच्यात कधी एका नारळावरूनही भांडण झालं नाही, आपलं घर आणि माड एकमेकांच्या नावावरच्या जमिनीत उभे केले आणि आयुष्यभर निवांत झोपली. त्यातला एक गेला. दुसरा आहे. आणि दुसऱ्याचा मुलगा फोटो काढतोय.

काकांबद्दल असा विचार करणं मला शोभत नव्हतं, ते मला तेव्हाही कळत होतं. वडील गेले तेव्हा खांदा द्यायला ते पुढे होते. मला मस्कतची नोकरी लागायची होती तेव्हा त्यांनी मोटारसायकलच्या मागे बसवून दोनदा पणजीला नेलं, पासपोर्टाच्या कागदावर ओळखीचा माणूस म्हणून स्वतःचं नाव दिलं. मी पहिल्यांदा गेलो ती बॅग त्यांची होती. तिची चेन बिघडलेली म्हणून त्यांनी वरून सुंभ बांधला आणि म्हणाले, "तकडे कोण चोरूक येता, आत आसा काय? दोन लेंगे!" ती बॅग मी टाकली नाही अजून. तरीपण घर ते घर. माझी आई त्यात राहते. उद्या कोणी येऊन म्हणालं की आजी, उठा, तर मी मस्कतहून काय करणार? इस्त्री?

दुसऱ्या दिवशी सर्वणला गेलो, बहिणीकडे. म्हापशाला बस बदलून डिचोली, तिथून पुढे रिक्षा. बाय माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिची शाळा चौथीत काढली, म्हणून माझी सातवीपर्यंत गेली, असा आमच्या घरातला हिशेब आहे. तो तिने कधी तोंडावर आणला नाही. तिचा नवरा आधी खाणीवर ट्रक चालवायचा, खाणी बंद पडल्या तेव्हापासून शाळेची बस चालवतो. ती मिरीच्या वेलाला टेकू बांधत होती. मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, हातातली दोरी तोंडात धरून.

मग दोरी काढून म्हणाली, "काकांनी काय म्हटल्यानी?"

"त्यांना विचारलं नाही."

"कित्याक?"

"विचारलं तर तो सावध होईल."

"कोण तो?" तिने हातातली काठी खाली ठेवली. "काकांक तू 'तो' म्हणतंस?"

"काका नव्हे, त्यांचा मुलगा."

"मुलाक तरी विचारलंस?"

"विचारलं तर तोच सावध होईल ना."

"आधी काकांकडे जा. पायरी चढल्यार पाय झिजत नाय." मग जरा वेळाने, "मस्कतात तुका कोणी फसवल्यान काय रे? असो कसो झालंस तू?"

मला कोणी फसवलं नव्हतं. उलट मला जन्मभर चांगलीच माणसं भेटली. तेच तर भ्यायचं कारण आहे, असं मला तेव्हा वाटायचं. माझ्याजवळ जे काही आहे ते दुसऱ्यांच्या चांगुलपणावर उभं आहे, त्यातला एक जरी फिरला तर हातात काय राहणार? हे मी बायला बोललो नाही. तिने दिलेल्या फणसाच्या सांदणी पिशवीत घेतल्या आणि निघालो. आणि काकांकडे न जाता पेडण्याच्या कचेरीत गेलो.

कचेरीत खिडकीशी एक बाई होत्या. माझा उतारा त्यांनी संगणकावर काढला आणि पडदा माझ्याकडे वळवून नीट दाखवला. बोलायला चांगल्या होत्या, त्यामुळे मला आणखी संशय आला. मी विचारलं, हे एकदा त्या ब्लॉकचेनमध्ये चढलं की बदलायचं कसं?

"तुमचं घर चिऱ्याचं ना?" त्या म्हणाल्या.

"हो."

"भिंतीतला खालचा चिरा ओढून काढता येतो?"

"नाही. वरची भिंत येईल खाली."

"तसंच हे. एक नोंद दुसरीला धरून बसते. खालची काढायची नाही. चूक असली तर दुरुस्तीचा चिरा वर ठेवायचा. पण आधीचं काय होतं ते कायम दिसतं. कोणी केलं, कधी केलं, सगळं." त्यांनी उताऱ्यावर बोट ठेवलं. "तुमचं सोपं आहे. दोघांची संमती असली तर अदलाबदलीचा दस्त करा, नोंद होईल. संमती नसली तर आक्षेप द्या, मग सुनावणी. मुदत आजची आहे. पण संमतीला मुदत नाही, ती कधीही. दोघं मिळून या, बरं पडेल."

मी विचारलं, "आक्षेप दिला तर समोरच्याला लगेच कळतं?"

"नोटीस जाते."

"किती दिवसांनी?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "भांडण आहे का तुमचं?"

"नाही."

"मग?"

मी खिडकीपासून बाजूला झालो. मुदत आजची, एवढंच कानात राहिलं होतं.

बाजारात एक टायपिंगवाला बसतो. त्याचं दुकान काकांच्या मुलाच्या दुकानापासून दोन गाळे सोडून, म्हणून मी मासळीबाजाराच्या मागून गेलो. मी सांगत गेलो, तो इंग्रजीत मारत गेला. मग त्याने मराठीत वाचून दाखवलं. मधे एक वाक्य आलं, की सदर इसमाने फसवणुकीच्या हेतूने जमिनीवर आपले नाव कायम ठेवले आहे.

"फसवणूक म्हणजे जरा जास्त होत नाही?" मी म्हटलं.

"भाऊ, साधं लिहिलं तर साहेब बाजूला ठेवतात. बिनमिठाची पेज कोण खातं?"

मी तिथे थांबू शकलो असतो. वाक्य काढ म्हणालो असतो तर त्याने काढलं असतं, संगणकावर एका बोटाचं काम. मी म्हटलं, "असू दे."

अर्ज दिला. बाईंनी तो चढवला आणि एक पावती दिली, तिच्यावर अक्षरं आणि आकडे मिसळलेला लांबलचक नंबर. "हा तुमच्या नोंदीचा शिक्का. आता याच्यात कोणी काही बदल करू शकत नाही," त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं. मस्कत सोडल्यापासून पहिल्यांदा भूक लागली. स्टँडवर उंड्याच्या पावात मिरच्यांची भजी घालून दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अजून दात घासत होतो, तेवढ्यात काका अंगणात आले. हातात प्लास्टिकची फाइल.

"इलंस आणि तोंड दाखवलंस नाय. म्हटला, मस्कतवालो मोठो माणूस, आपणच जावया."

ते सोप्यावर बसले. आईने चहा आणला. काकांनी फाइल उघडली. आत अदलाबदलीचा दस्त तयार. स्टॅम्प पेपर, आमच्या घराचे दोन फोटो, त्यांच्या माडांचे दोन फोटो, दोन्ही सर्व्हे नंबर. एका बाजूला काकांची सही होती, त्यांची नेहमीची वाकडी, होडी उलटल्यासारखी. दुसऱ्या बाजूला माझी आणि आईची जागा रिकामी.

"मुलान केल्यान सगळा. फोटो काढूक इल्लो तेव्हा तुझ्या आईक सांगल्यान."

आई म्हणाली, "सांगल्यान हो. माझ्या ध्यानातसून गेला."

"तुझीच वाट बघत होतो. बायकडेय जावचा लागतला, तिचीय सही होयी." काकांनी बशीत चहा ओतला, फुंकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खरा सांगू? माका झोप नाय महिनोभर. माझे माड तुझ्या बापाशीच्या नावार. उद्या तू मस्कतासून विकून टाकलंस, तर मी म्हातारो खंय बोंबलत जाऊ?"

ते हसले. मीही हसलो. आणि हसता हसता माझी नजर स्टॅम्प पेपरवर गेली. तो आदल्या दिवशी घेतलेला होता. मी कचेरीत गेलो त्याच दिवशी. सकाळी घेतला की दुपारी, हे स्टॅम्पवर लिहिलेलं नसतं. टायपिंगवाल्याचं दुकान आणि काकांच्या मुलाचं दुकान यांच्यात दोनच गाळे. फोटो माझ्या येण्याआधीचे होते, ते खरं. सही आधीची की नंतरची, ते मला आजही माहीत नाही.

मी सही केली. दुपारी म्हापशाला काम आहे सांगून पुन्हा कचेरीत गेलो आणि त्याच बाईंना म्हटलं, कालचा माझा आक्षेप काढून टाका.

"काढता येत नाही. मागे घेतला अशी नोंद वर करता येईल."

"आणि कालची?"

"ती आहे तिथेच राहणार. सांगितलं ना काल?"

"कोणाला दिसणार नाही असं काही?"

"तेच तर होत नाही ना यात," त्या म्हणाल्या, जरा अभिमानानेच. आणि मागे घ्यायचा असला तरी सुनावणीच्या दिवशी दोघांनी साहेबांसमोर यायला हवं. नोटीस निघाली होती.

मी काकांना सांगायला हवं होतं. दोन पावलांवर घर. मी रोज ठरवायचो. एकदा त्यांच्या पायरीपर्यंत गेलो, काकी म्हणाली ये रे, बोंडू खा, आणि मी काजूचे बोंडू खाऊन परत आलो. नोटीस त्यांना मिळाली तेव्हा त्यांनी ती माझ्याकडेच आणली. म्हणाले, "हा बघ, दस्ताची तारीख इली वाटता." इंग्रजी होतं ते. त्यांचा मुलगा पणजीला गेला होता. मी वाचल्यासारखं केलं आणि म्हटलं, "हो काका, त्याचीच."

सुनावणीचे साहेब तरुण होते. समोर मी, आई, काका आणि त्यांचा मुलगा, चौघं बाकावर. साहेबांनी पडद्यावर बघत वाचायला सुरुवात केली, मराठीत, सगळ्यांना कळावं म्हणून. सदर इसमाने फसवणुकीच्या हेतूने. काकांनी मान पुढे केली.

"साहेब, ता परत एकदा वाचा."

साहेबांनी परत वाचलं. आईने पदर तोंडाला लावला. काकांच्या मुलाने माझ्याकडे बघितलंच नाही, समोरच्या पंख्याकडे बघत राहिला. त्याला ठाऊक होतं की नव्हतं, हे त्या तोंडावरून ओळखायचा मी पुष्कळ प्रयत्न केला.

"हे खरं आहे का?" साहेबांनी मला विचारलं.

"नाही."

"मग लिहिलं कशाला?"

"भ्यालो साहेब."

"कोणाला?"

साहेबांनी दस्त बघितला, सगळ्यांच्या, बायच्याही, सह्या बघितल्या, आक्षेप मागे घेतल्याचं माझ्याकडून लिहून घेतलं. दोन्ही नोंदी चढल्या, एकावर एक. मग पुढे दस्त नोंदवला गेला, आमचं घर आमच्या नावावर झालं, काकांचे माड काकांच्या. माझ्या आईला आता कोणी उठा म्हणणार नाही. ज्यासाठी मी दुसऱ्याची रजा घेऊन आलो होतो, ते झालं.

निघताना काकांनी खिडकीतल्या बाईंना विचारलं, "बाय गो, ह्या लिवलेला किती वर्सां ऱ्हवता?"

"कायमचं, काका."

"माझ्या पणतवान उघडून बघल्यान तरी दिसतला?"

"दिसणार."

"बरा," काका म्हणाले. "त्याका कळतला, आमचो शेजारी सावध होतो."

बसमध्ये ते माझ्या शेजारीच बसले. पार्से येईपर्यंत यंदा काजूला मोहर कसा जळला ते बोलत होते. मी मस्कतला निघालो तेव्हा काकीने कोकमाच्या आगळाची बाटली भरून दिली. सगळं नेहमीसारखं होतं. त्यामुळे मला जास्तच कळेनासं झालं.

चार महिन्यांनी काकांच्या मुलाचा फोन आला. काकांना आपलं राहतं जुनं घर पाडून तिथेच नवं बांधायचं होतं. परवान्यासाठी पंचायतीने उतारा काढला, त्यात माझा आक्षेप निघाला. शेजाऱ्याबरोबर वाद आहे का, असं त्यांनी विचारलं.

"मागे घेतल्याचं त्याच्यावर आहे ना?" मी म्हटलं.

"आहे दादा. पण ते म्हणतात, एकदा घेतला तर परत घेईल. तुझ्याकडून लिहून आणा म्हणतात." त्याचा आवाज साधा होता. "मी मजकूर पाठवतो. सही करून फोटो पाठव."

मजकूर आला. मल्याळ्याकडून तीनदा वाचून घेतला. या बांधकामाबद्दल माझा कोणताही वाद नाही आणि यापुढेही राहणार नाही, असं त्यात होतं.

'यापुढेही' वर मी अडलो. पुढचं आत्ता कसं सांगणार? त्यांनी उद्या आमच्या अंगणात पाया घातला तर? मी त्याला लिहिलं, तेवढा शब्द काढला तर चालेल का. त्याने लिहिलं, 'पंचायतीचा ठरलेला मजकूर आहे दादा. तुला बरं वाटत नसेल तर राहू दे. बाबांना सांगतो, थांबूया.'

बाबांना सांगतो. मी सही केली. फोटो काढून पाठवला. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मल्याळी म्हणाला, झालं ना आता? मी हो म्हटलं.

पण जीव काही राहीना. संध्याकाळी आईला फोन लावला. तिने उचलला, मागे भांड्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "आई, काकांचं काम कधी सुरू होणार?"

"सोमवारी म्हणतत."

"हे बघ, पाया खणायला लागले की तू जरा बाहेर उभी राहा. दोरी कुठून मारतात ते बघ. आपल्या तुळशीपासून त्यांच्या बाजूला किती सुटतं ते मोजून ठेव. त्यांना कळू देऊ नको. आणि त्यांच्या मुलावर लक्ष ठेव, तो बोलायला गोड आहे."

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला.

"आई?"

"अरे मेल्या," आई म्हणाली, "मी काकांच्याच घरात आसंय. काकीन आंबोळ्यो केल्यान, म्हणान माका खावक बोलायल्यान. फोन स्पीकरार मोठ्यान आसा, माका ऐकूक येत नाय म्हणान."

फोन कानाला तसाच. मग लांबून, घास चावत असल्यासारखा, काकांचा आवाज आला.

"त्याका सांग, दोरी त्याच्या आवशीच्याच हातात देतंव. आणि मेजूक टेप नसली तर आमच्याकडे आसा."

कोणीतरी हसलं. काकी असावी. काकांचा मुलगा तिथे होता की नाही, ते मला ऐकू आलं नाही.